गंगापूरचे पाणी आणि अंबडची मोसंबी

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या ऑगस्टअखेरपर्यंत अंबड तालुक्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. २९ ऑगस्टला तेथे मनोज जरांगे पाटील यांचे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला पोलिसांनी लाठीमार केला आणि वडीगोद्रीच्या परिसरातील हे खेडे एका रात्रीत साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. त्या मागणीच्या न्याय्यतेविषयी दोन्ही बाजूंनी विपुल लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. परंतु या वादात एक गोष्ट अशी आहे की, जी कोणीच नाकारलेली नाही. शेतीवर घर चालत नाही, म्हणून शेतकऱ्याचा मुलगा नोकरीच्या दारात उभा आहे. शेतीवर घर का चालत नाही, हा प्रश्न मात्र उपोषणाच्या मांडवात विचारला गेला नाही आणि मंत्रालयातही नाही.

हा प्रश्न माझ्या मनात नव्याने उभा राहिला तो एका अगदी निराळ्या ठिकाणी. आमच्या भागातून अडीचशे किलोमीटरांवर, नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या जलाशयाजवळ ‘यॉर्क’ नावाची एक वायनरी आहे. एका विवाहाच्या निमित्ताने नाशिकला गेलो असता भाच्याने आग्रहाने तेथे नेले. वाचकांपैकी काहींच्या कपाळावर येथे आठी उमटेल, हे मी जाणून आहे. आमच्या पिढीच्या मास्तर-कारकुनाच्या घरात मद्य हा शब्ददेखील दबक्या आवाजात उच्चारला जाई. औषधाच्या कपाटातील द्राक्षासवाची बाटली हाच काय तो आमचा द्राक्षरसाशी संबंध. त्यामुळे गच्चीवरील त्या मेजाशी मी काहीसा अवघडूनच बसलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

‘यॉर्क’ हे नाव ऐकून मला इंग्लंडातील परगणा आठवला होता. प्रत्यक्षात त्याचा इंग्लंडाशी काडीचा संबंध नाही. गुरनानी कुटुंबातील योगिता, रवी आणि कैलास या तीन भावंडांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ते बनविलेले आहे. कैलास गुरनानी यांनी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे जाऊन वाईन बनविण्याचे रीतसर शिक्षण घेतले आणि परत येऊन घरच्याच कारखान्यात ते वापरले. दुकानाच्या पाटीवर ‘अमुक आणि सन्स’ असे लिहिण्याची आपल्याकडची जुनी चाल आहेच. येथे ती पाटी बाटलीवर चिकटली होती, आणि मुलीचे नाव पहिले होते.

चाखण्याचा विधी मोठा शिस्तीचा असतो. पेल्याच्या तळाशी दोन घोट पुरतील एवढीच वाईन ओततात. पेला दांड्याला धरायचा, हाताची ऊब रसाला लागू द्यायची नाही. किंचित फिरवायचा, वास घ्यायचा आणि मग घोट जिभेवर थोडा वेळ खेळवायचा. नको असेल तर थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. व्यवसायातली माणसे त्याचाच उपयोग करतात. प्रथम शनँ ब्लाँ ही पांढरी वाईन आली. मूळ फ्रान्समधील लोआर नदीच्या खोऱ्यातली ही द्राक्षजात नाशिकच्या जमिनीत चांगली रुळली आहे. मला तिच्यात पिकलेल्या पेरूचा वास आला. हे बोलावे की न बोलावे या विचारात मी असता ओतणारा तरुणच म्हणाला, की पुष्कळांना पेरू आठवतो. नंतर दोन तांबड्या वाईन आल्या. तांबडी वाईन सालीसकट आंबवतात. म्हणून तिला रंग येतो आणि कच्च्या जांभळाने जीभ आवळावी तसा तुरटपणाही येतो. त्यांतली शेवटची, शिराझ आणि काबर्ने यांच्या मिश्रणाची ‘अरोस’, त्या घराण्याची मानाची वाईन. मला ती जड वाटली. भाच्याने माझा पेलाही संपवला.

नशा आणणे हे त्या मेजावरचे ध्येय नव्हते, एवढे माझ्यासारख्या नवख्यालाही कळले. तेथे जे चालले होते ते आपल्याकडे आंब्याच्या मोसमात चालते तसे काहीसे होते: हा रत्नागिरीचा, हा देवगडचा, हा अमक्या बागेतला. फळाला गाव होते, साल होते, करणाऱ्याचे नाव होते. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता गोडी छाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी आणि तोडल्या दिवशीच गाळप, हा सारा क्रम तो तरुण पाठ म्हणून दाखवावा तसा सांगत होता. एका टन द्राक्षांपासून साधारण सहाशे ते सातशे लिटर वाईन निघते. मेजावरून ज्या दिशेला पाहावे तिकडे समोर पाणीच पाणी पसरलेले होते.

ते पाणी गोदावरीचे. गंगापूर धरण १९६५ साली पुरे झाले. त्याच वर्षी खाली पैठणला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची कोनशिला बसली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्या धरणाचे उद्घाटन केले. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या अंबड तालुक्यातून जातो. वरची धरणे भरली आणि जायकवाडी रिकामी राहिली की काय होते, हे मराठवाड्यातील शाळकरी पोरालाही माहीत आहे. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व मान्य केले, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तरीही २०१५ मध्ये काय किंवा २०२३ मध्ये काय, वरून पाणी सुटायचे म्हटले की नाशिक-नगरमध्ये मोर्चे निघाले आणि न सुटले तर आमच्याकडे. या भांडणात मराठवाड्याची बाजू न्यायाची आहे, असे मी मानतो आणि ते सोडण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु त्या गच्चीवर बसून आणखी एक गोष्ट ध्यानात आली व ती अधिक बोचली. वरच्या खोऱ्याने त्या पाण्यातून फळ काढले आणि त्या फळातून स्वतःच्या नावाची बाटली काढली. आमच्या वाट्याला जे पाणी आले त्यातून आम्ही ऊस काढला, मोसंबी काढली, आणि नाव कशावरच काढले नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वायनरीची जाहिरात होईल. ज्या कुटुंबाच्या नावाचे मला एवढे कौतुक वाटले, त्या कुटुंबाकडे ती वायनरी आज राहिलेली नाही. २०२१ मध्ये जवळच्याच ‘सुला’ या देशातल्या सर्वांत मोठ्या वाईन कंपनीने ती विकत घेतली. ‘सुला’ हे नावही घरगुतीच आहे: राजीव सामंत यांनी आपल्या आईच्या सुलभा या नावावरून ते घेतले. १९९७ च्या सुमारास लावलेल्या वेलींपासून आरंभ करून ही कंपनी २०२२ च्या डिसेंबरात शेअरबाजारात गेली. आईच्या नावाच्या बाटलीने भावंडांच्या नावाची बाटली आपल्या पोटात घेतली, असे म्हणता येईल. विकणाऱ्यांनी का विकली हा त्यांचा खासगी प्रश्न आहे, घेणाऱ्यांनी काही गैर केले असेही नाही. नाव व चव दोन्ही राखली आहेत. तरीही लहान घराण्याला या धंद्यात टिकणे इतके अवघड का जावे, याची कारणे सार्वजनिक आहेत आणि ती पाहण्यासारखी आहेत.

पहिले कारण भांडवल अडकून पडण्याचे. द्राक्षांचे पैसे मार्चमध्ये मोजायचे. पांढरी वाईन त्यानंतर काही महिन्यांनी विकायची आणि चांगली तांबडी वर्ष-दीड वर्ष पिंपात मुरवून मग. तोवर व्याज चालूच. दुसरे कारण कायद्याचे. मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने एका राज्यातली बाटली दुसऱ्या राज्यात न्यायची तर ती परदेशी जावी तसे सोपस्कार करावे लागतात. बहुतेक राज्यांत बाटलीवरील प्रत्येक लेबलाची नोंदणी दरवर्षी करावी लागते आणि तिची फी खपावर ठरत नाही. लाख बाटल्या विकणाऱ्याला जी, तीच पाचशे विकणाऱ्याला. मोठ्याला ती नखाएवढी असते, लहानाला गळ्याएवढी. सरकारी नियम सर्वांना सारखे आहेत असे आपण अभिमानाने म्हणतो तेव्हा हे सारखेपण कोणाच्या सोयीचे असते, हे क्वचितच तपासतो.

आणि शेतकऱ्याचे काय? महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आखले, उत्पादनशुल्क दहा वर्षे माफ केले, विंचूर व पलूस येथे वाईन पार्क उभारले. नाशिक जिल्ह्यात वायनऱ्या भराभर उगवल्या. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फसफसती वाईन काढून ती परदेशी पाठविली होती. पण २००८ च्या अखेरीस मुंबईवरील हल्ला आणि जागतिक मंदी यांच्या एकत्रित तडाख्याने मागणी बसली. कित्येक नव्या वायनऱ्या बंद पडल्या, नारायणगावची ती थोर कंपनीही कर्जाखाली कोसळली, आणि वाईनची द्राक्षे लावलेल्या शेतकऱ्यांनी वेली उपटून टाकल्या. उपटल्या, कारण दुसरा मार्ग नव्हता. वाईनची द्राक्षे बारीक, बियांची, जाड सालीची. खाण्यासाठी ती बाजारात कोणी घेत नाही. वेल लावल्यापासून पहिले खरे पीक हाती यायला तीन वर्षे जातात. एवढे थांबून माल तयार करायचा आणि गिऱ्हाईक एकच. त्याने पाठ फिरविली की संपले. वाईन म्हणजे शेतकऱ्याचे कल्याण, असे जे सरसकट सांगितले जाते ते सांगणाऱ्यांनी २००९-१० चा हा अनुभव आधी आठवावा.

ते सांगणे ऐन भरात आले २०२२ च्या जानेवारीत. २७ तारखेला मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकण्यास संमती दिली. वाईन म्हणजे दारू नव्हे, अशी ग्वाही काही पुढाऱ्यांनी दिली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे त्या वर्षी सरकार बदलले आणि निर्णय अमलात आलाच नाही. त्या वेळी दोन्हीकडून जे बोलले गेले त्यात मला समाधान देणारे थोडेच होते. वाईनमध्ये बारा-तेरा टक्के मद्यार्क असतो. ती दारू नव्हे असे म्हणणे हे शब्दांशी खेळणे होय. गावातले दुकान बंद व्हावे म्हणून ज्या बायांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले आहे, नवऱ्याच्या व्यसनाने ज्यांचे संसार मोडले आहेत, त्यांच्या संतापाला प्रतिगामी म्हणून झटकण्याचा अधिकार शहरातल्या रसिकांना नाही. पण मग त्याच न्यायाने आपण उसाकडेही पाहिले पाहिजे. गावोगाव जी देशी दारू विकली जाते तिचा मद्यार्क प्रामुख्याने उसाच्या मळीतून येतो. साखर कारखान्याच्या आसवनीचे उद्घाटन आमच्याकडे हारतुऱ्यांनी होते, वार्षिक सभेत तिच्या नफ्याचा उल्लेख टाळ्या घेतो. त्यावर कोणी उपोषणास बसल्याचे माझ्या पाहण्यात नाही. गरिबाचा संसार मोडणारी बाटली उसाच्या शेतातून निघते, ही वस्तुस्थिती सोयीस्करपणे विसरून आपण द्राक्षाच्या बाटलीवर सारी नैतिकता खर्च केली.

आणि खरा प्रश्न दोघांनीही विचारला नाही. किराणा दुकानाच्या फळीवर बाटल्या कोणाच्या लागणार होत्या? शंभर दुकानांच्या फळ्या वर्षभर भरलेल्या ठेवणे ज्याला झेपते त्याच्या. लहान वायनरीचा जीव तिच्या स्वतःच्या दाराशी असतो: माणसे येतात, चाखतात, दोन बाटल्या घेऊन जातात, मधला दलाल राहत नाही. धोरण करायचेच होते तर या दाराचे करायला हवे होते.

आता आमच्या मोसंबीकडे येतो. मोसंबीची वाईन करावी असा माझा सल्ला नाही. ती बेताचीच होते. पण फळाच्या व्यवहाराची रीत पाहा. अंबड, घनसावंगी, पैठण हा पट्टा मोसंबीचा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, बदनापूरला मोसंबीचे संशोधन केंद्र आहे, न्यूसेलर ही जात आणि जंभेरीचा खुंट येथल्या चुनखडीच्या जमिनीत किती पिढ्यांचा झाला. तरीही बाग विकली जाते ती झाडावरच. व्यापारी येतो, बागेतून एक फेरी मारतो, आकडा सांगतो. तोडणी त्याची, वर्गवारी त्याची, वजनाला कडता कापणार तोच. बहार चांगला आला तर भाव पडलेला, भाव चढला तर फळगळीने झाड रिकामे. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरने पाणी घालून ज्यांनी झाडे जगविण्याचा प्रयत्न केला आणि अखेर त्यांवर कुऱ्हाड चालविली, अशी माणसे आमच्या ओळखीची आहेत. पंधरा वर्षांची बाग सरपणाच्या भावाने गेली. त्यांचीच मुले पुढे दहा वर्षांनी अंतरवालीच्या मांडवात बसलेली दिसली, यात मला आश्चर्य वाटले नाही.

रस काढून विकावा तर मोसंबीची एक खोड आहे. ताजा रस गोड असतो, थोडा वेळ ठेवला की कडवटतो. बी आणि पाकळीच्या पडद्यातील एक द्रव्य रसाच्या आंबटपणात हळूहळू बदलते व हा कडूपणा येतो. तो काढून टाकण्याची यंत्रणा जगात आहे, ती काही चंद्रावरची विद्या नाही. पण ती गावपातळीवर आणण्यासाठी ना पैसा आला, ना कोणी कैलास गुरनानींसारखा तेवढ्याचसाठी परदेशी शिकून गावी परतला. आमची शिकलेली मुले पुण्याला जातात आणि स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत बसतात. त्यांना दोष द्यावा तर, परत येऊन त्यांनी करावे काय, हे तरी आपण सांगू शकतो का?

आपल्या जमिनी तुकड्यातुकड्यांच्या, म्हणून हे आपल्याकडे जमायचे नाही, असे हमखास सांगितले जाते. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात क्लो द वूजो नावाचा एक कुंपणाचा मळा आहे. क्षेत्र पन्नास हेक्टर आणि मालक ऐंशीच्या आसपास. राज्यक्रांतीनंतर मठांच्या जमिनी विकल्या गेल्या, पुढे वारसाकायद्याने वाटण्या होत गेल्या, आणि कोणाकडे काही तासच राहिले. आपल्या सातबाऱ्यासारखीच ही कथा. तरी त्या काही तासांची वाईन जगात मानाने विकली जाते, कारण ती कोठली व कोणाची हे बाटली सांगते.

त्याच देशाच्या दक्षिणेत आर्जेलिये हे एक खेडे आहे. अंतरवालीसारखेच, कोणाच्या खिजगणतीत नसलेले. वाईनचे भाव कोसळले होते, व्यापारी साखरपाणी घालून खोटी वाईन खपवीत होते. ११ मार्च १९०७ रोजी त्या गावचे सत्त्याऐंशी शेतकरी मार्सलँ आल्बेर या लहानशा द्राक्षबागाइतदाराच्या मागोमाग चालत नारबोनला गेले. जूनपर्यंत मोंपेलिए शहरात लाखो माणसे जमली; नारबोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. आल्बेरचे नेतृत्व पुढे फार टिकले नाही. पण त्याच महिन्याच्या अखेरीस भेसळीविरुद्ध कायदा झाला, शेतकऱ्यांचा संघ उभा राहिला, आणि पुढील काही दशकांत त्या भागातील गावोगाव सहकारी वायनऱ्या निघाल्या. आपल्या फळाचा रस आपल्याच गावात काढण्याची सोय त्या आंदोलनाच्या पोटातून आली. अंतरवालीला जमलेल्या गर्दीने सरकारकडे जे मागितले ते मागण्याचा तिला हक्क होता. त्या गर्दीने मोसंबीसाठी काही मागितले असते तर ते नाकारणे कोणत्याही सरकारला जड गेले असते, एवढेच माझे म्हणणे.

काय मागता आले असते? लहान प्रक्रियाकेंद्राची फी त्याच्या उत्पादनाच्या प्रमाणात असावी, मग ते वाईनचे असो की रसाचे. फळतोडणीच्या वेळी अडकणाऱ्या पैशासाठी पीककर्जाच्या व्याजाने भांडवल मिळावे. मानांकनाचा कागद फायलीत न राहता पेटीवर बागेचे व गावाचे नाव छापले जावे. बदनापूरच्या केंद्राने झाडाबरोबर रसाचाही अभ्यास गावात आणावा. पाण्याचे काय, असे विचारणाऱ्याने जालन्याजवळच्या कडवंचीला एकदा जाऊन यावे. पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या जोरावर त्या कोरडवाहू गावाने द्राक्षबागा उभ्या केल्या आहेत. अर्थात तीही द्राक्षे क्रेटमध्ये भरून निनावीच जातात.

निघताना मी एक बाटली विकत घेतली. ती अद्याप तशीच आहे. पैसे घेता घेता त्या ओतणाऱ्या तरुणाने विचारले, “काका, तुम्ही कुठले?” अंतरवाली सराटीच्या जवळचा, असे म्हणताच त्याचे डोळे चमकले. उपोषणाचे गाव त्याला ठाऊक होते, तारखांसकट. “तिकडे पिकतं काय?” त्याने पुढे विचारले. मी मोसंबी म्हणालो. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मोसंबीचा रस तर आम्ही इथे नेहमी पितो. ती तुमच्याकडून येते, हे काही माहीत नव्हतं.”